भोंग्याला भिंतीचे तोंड

तंजावरहून पट्टुक्कोट्टैकडे जाणाऱ्या रस्त्यावर ओरत्तनाडु लागते. देवळाचा उत्सव असो, लग्न असो की निवडणूक, या भागात पत्र्याचा भोंगा वाजल्याशिवाय काही पार पडत नाही. महाराष्ट्रातल्या गावांची गोष्टही वेगळी नाही. त्यामुळे घरात भोंगा बसवा, तोही दिवाणखान्याच्या भिंतीवर, असे कुणी सुचवले तर ऐकणारा आधी कानांवर हात ठेवेल. हा लेख त्याच शंकेपासून सुरू होतो, कारण तिचे उत्तर सापडले की घरगुती कर्णा कसा बांधायचा हेही निम्मे कळते. भोंगा कर्कश असतो हे खरे नाही. लहान तोंडाचा भोंगा कर्कश असतो. मोठ्या तोंडाचा कर्णा स्पीकरच्या कुठल्याही पेटीपेक्षा मोकळा आणि सहज वाजतो. अडचण एवढीच की ते तोंड खोलीत मावत नाही. पण कर्णा भिंतीला टांगला आणि त्याचे तोंड खोलीच्या कोपऱ्याकडे वळवले, तर उरलेले तोंड भिंतीच पुरवतात. म्हणून आखणी कोपऱ्यापासून सुरू करावी, कर्ण्याच्या गोंडस वळणापासून नव्हे. बहुतेक हौशी कारागीर नेमके उलटे करतात आणि मग आवाजाला दोष देतात.

आधी कर्णा करतो काय ते पाहू. स्पीकरचा कागदी पडदा हवेला ढकलतो तेव्हा समोरची हवा बाजूला सरकून निसटते आणि पडद्याची बरीचशी मेहनत वाया जाते. घरातल्या साध्या पेटीत दिलेल्या विजेतली जेमतेम एक टक्का, पुष्कळदा त्याहूनही कमी, आवाजात उतरते. बाकीची उष्णता होऊन जाते. पडद्यापुढे अरुंद घसा आणि हळूहळू रुंदावणारी नळी ठेवली की हवेला निसटायला वाट राहत नाही. लहान पडद्याचा जोर मोठ्या तोंडापर्यंत टप्प्याटप्प्याने पोहोचतो आणि दहा टक्के किंवा त्याहून जास्त ऊर्जा आवाजात बदलू शकते. ए. जी. वेबस्टर यांनी १९१९ मध्ये या रुंदावणाऱ्या नळीचे समीकरण छापले. १९२६ मध्ये वेस्टर्न इलेक्ट्रिकचा ५५५ हा ड्रायव्हर, म्हणजे कर्ण्याच्या घशाला लावायचा पडदा-चुंबकाचा संच, आला. बोलपटांच्या सुरुवातीच्या काळात गुंडाळलेल्या लाकडी कर्ण्यांना असे ड्रायव्हर लावून थोड्या वॅटांत अख्खी नाट्यगृहे भरली जात. त्या कर्ण्यांची तोंडे माणसाच्या उंचीशी स्पर्धा करणारी होती, आणि सगळे मर्म तिथेच आहे.

कर्ण्याच्या तोंडाचा नियम सोपा आहे. मोकळ्या हवेत टांगलेल्या कर्ण्याच्या तोंडाचा परीघ ज्या तरंगलांबीइतका भरेल, साधारण तितक्याच खालच्या सुरापर्यंत तो नीट वाजतो. त्याखालचे सूर तोंडावरून परत आत उलटतात. तंजावरच्या हवेत, ३०–३२ अंश तापमानाला, आवाजाचा वेग सेकंदाला सुमारे ३५० मीटर धरावा. ४० सेंटिमीटर व्यासाच्या पत्र्याच्या भोंग्याचा परीघ सव्वा मीटर होतो. एवढी तरंगलांबी २८० हर्ट्झच्या सुराची असते. पुरुषाच्या बोलण्याचा मूळ सूर मात्र साधारण ८५ ते १८० हर्ट्झमध्ये असतो, म्हणजे माणसाच्या आवाजाचा पायाच त्या भोंग्यातून गळून पडतो. त्यात पातळ पत्रा झणझणतो आणि अँपचा आवाज शेवटपर्यंत पिळलेला असतो. कानाला बोचते ते या तिन्हींमुळे, कर्ण्याच्या तत्त्वामुळे नाही.

आता भिंतीचा हिशेब. तोंड मोकळ्या हवेऐवजी एका मोठ्या भिंतीलगत उघडले तर आवाजाला पसरायला अर्धीच जागा उरते आणि तेवढ्याच कामाला निम्म्या क्षेत्रफळाचे तोंड पुरते. भिंत आणि जमीन मिळतात त्या कडेला पाव पुरते, आणि दोन भिंती व जमीन मिळतात त्या कोपऱ्यात अष्टमांश. इथे सुचवलेल्या कर्ण्याचे तोंड ६० सेंटिमीटर उंच आणि १६ सेंटिमीटर खोल, म्हणजे ९६० चौरस सेंटिमीटर आहे. मोकळ्या हवेत हे तोंड जवळजवळ ३२० हर्ट्झपर्यंतच कामाचे, म्हणजे पत्र्याच्या भोंग्याहूनही वाईट. नुसत्या भिंतीवर ते २२५ पर्यंत उतरते, भिंत आणि जमिनीच्या कडेला १६० पर्यंत आणि कोपऱ्यात ११३ पर्यंत. लाकूड तेच, खर्च तोच, ड्रायव्हर तोच. फक्त जागा बदलली की दीड सप्तकाचा फरक पडतो. हे नुसते कागदावरचे गणित नाही. इंग्लंडमध्ये पॉल फोइग्ट यांनी १९३०च्या दशकात घरगुती कोपरा-कर्णा केला. अमेरिकेत पॉल क्लिप्श यांचा क्लिप्शहॉर्न १९४६ पासून बनतो आहे, आणि त्यात खोलीच्या दोन भिंती हाच कर्ण्याचा शेवटचा भाग मानलेला आहे. कोपऱ्यातून तो बाहेर ओढला की त्याचा खर्ज हरवतो.

मात्र भिंत भिंतीसारखी हवी. ओरत्तनाडूत तंजावरचे राजे सरफोजी दुसरे यांनी एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी आपल्या सहचरी मुक्तांबाळच्या नावाने छत्र बांधले. त्यावरून या गावाला मुक्तांबाळपुरम हे नावही मिळाले. रामेश्वरच्या वाटेवर तंजावरच्या भोसल्यांनी प्रवाशांच्या अन्ननिवाऱ्यासाठी अशी छत्रे उभारली. त्या काळच्या विटा-चुन्याच्या जाड, जड भिंती खर्जातल्या आवाजाला जवळजवळ पूर्ण परतवतात. नऊ इंची विटांची, सिमेंटचा गिलावा केलेली आजची भिंतही या कामाला उत्तम. जिप्समचे पार्टिशन, प्लायची आडभिंत, पत्र्याची किंवा झावळ्यांची भिंत मात्र खर्जाबरोबर स्वतःच हलते आणि तो गिळून टाकते. अशा भिंतीवर कर्णा लावून उपयोग नाही. कोपऱ्यालगत दार किंवा मोठी खिडकी असेल तरी तेच, कारण तिथे भिंत संपते आणि कर्णाही संपतो.

नळी भिंतीवर मावावी म्हणून ती सर्पिल गुंडाळावी लागते. या सर्पिल आकाराबद्दल एक गोड गैरसमज आहे. शंख आवाज मोठा करतो, म्हणून शंखासारखा कर्णा केला की निसर्गानेच गणित सोडवून दिले, असे पुष्कळांना वाटते. शंखाच्या वळणात नळीची रुंदी आणि खोली दोन्ही लांबीच्या प्रमाणात वाढतात. म्हणजे वळण उलगडून सरळ केले तर मिळतो तो साधा शंकू. घरगुती कर्ण्याला हवा असतो एक्स्पोनेन्शियल, म्हणजे ठराविक लांबीला क्षेत्रफळ दुप्पट होत जाणारा फुगवटा. शंकू घशाजवळ फार भरभर उघडतो, त्यामुळे पडद्याला खालच्या सुरांत पुरेसा भार मिळत नाही. मग शंख आणि नरसिंगम्पेट्टै गावचे शंक्वाकार नादस्वरम् इतके खणखणीत कसे वाजतात? कारण ती वाद्ये आहेत. वाद्याच्या नळीला स्वतःचे सूर हवे असतात, वादक त्यांतूनच निवड करतो. कर्ण्याला स्वतःचा एकही सूर असता कामा नये, नाहीतर प्रत्येक गायकाच्या गळ्यात तो आपलाच सूर मिसळेल. म्हणून दिसायला थोडे कमी डौलदार झाले तरी चालेल, पण फुगवटा मोजूनच काढावा.

वळणांविषयीचा दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: नळी वळवली की आवाज बिघडतो. हे वरच्या सुरांबाबत पूर्ण खरे आहे. नळीची रुंदी सुराच्या अर्ध्या तरंगलांबीएवढी झाली की वळणाच्या आतल्या आणि बाहेरच्या कडेने जाणाऱ्या लाटा एकमेकींशी भांडू लागतात. १० सेंटिमीटर रुंद नळीत हा त्रास सुमारे १७५० हर्ट्झपासून सुरू होतो. यावर उपाय म्हणजे वरचे सूर वळणातून नेऊच नयेत. चार इंची फुल-रेंज ड्रायव्हर समोरच्या फळीवर बसवावा. त्याचा पुढचा आवाज थेट खोलीत येईल आणि पडद्याच्या मागचा आवाज, तोही फक्त खालचा, सर्पिल नळीतून जाईल. जपानमध्ये तेत्सुओ नागाओका यांनी अशा मागून भारलेल्या कर्ण्यांचे कितीतरी आराखडे हौशी लोकांसाठी प्रसिद्ध केले आणि तिथे त्यांची मोठी परंपरा तयार झाली. ड्रायव्हर निवडताना पडदा हलका आणि चुंबक जोरदार हवा. माहितीपत्रकात क्यूटीएस (Qts) हा आकडा ०.४ च्या खाली असावा आणि पडद्याचे कार्यकारी क्षेत्रफळ ५० चौरस सेंटिमीटरच्या आसपास. फॉस्टेक्सचा एफई-१०३ हा या जातीचा जुना, नावाजलेला नमुना. जुन्या टीव्हीतून काढलेला कमजोर चुंबकाचा स्पीकर इथे घुमतो. त्याला साधी पेटीच बरी.

आता मापे. फुगवट्याची खालची मर्यादा ८० हर्ट्झ धरली की दर २४ सेंटिमीटरला क्षेत्रफळ दुप्पट व्हायला हवे. खोली सगळीकडे १६ सेंटिमीटर कायम ठेवली तर फक्त रुंदी बदलते आणि काम फार सोपे होते. घसा अडीच सेंटिमीटर रुंद घ्या, म्हणजे ४० चौरस सेंटिमीटर, पडद्याच्या क्षेत्रफळाच्या साधारण चार पंचमांश. तिथून मध्यरेषेवर २४ सेंटिमीटरला रुंदी ५, ४८ ला १०, ७२ ला २०, ९६ ला ४० आणि १११ सेंटिमीटरला ६०. हेच आपले तोंड. ही मध्यरेषा ७० सेंटिमीटर रुंद, ६५ सेंटिमीटर उंच फळीवर आरामात बसते. ड्रायव्हरच्या केंद्राभोवती १० सेंटिमीटर त्रिज्येपासून सुरुवात करून ती वाढवत वाढवत १६ पर्यंत न्यावी, पाऊण फेरा पूर्ण करावा आणि मग नळी सरळ बाहेर सोडावी. पाऊण फेऱ्याअखेर सुमारे ६१ सेंटिमीटर लांबी संपते आणि नळी जेमतेम साडेचौदा सेंटिमीटर रुंद झालेली असते. म्हणजे सगळे वळण नळी अरुंद असतानाच उरकते, जिथे ते सर्वांत निरुपद्रवी असते. शेवटचा ५० सेंटिमीटरचा रुंद भाग सरळ राहतो. दीड-दोन फेऱ्यांचे गुंडाळे दिसायला मोहक असते, पण इथे त्याने काही मिळत नाही.

फळीवर आधी जाड पुठ्ठा ठेवून पूर्ण आकाराचे चित्र काढावे. मध्यरेषेवर दर सहा सेंटिमीटरला खूण करावी, प्रत्येक खुणेला रेषेशी काटकोनात दोन्ही बाजूंना निम्मी-निम्मी रुंदी मोजावी आणि ते बिंदू लवचीक पट्टीने जोडावेत. मधल्या खुणांची रुंदी काढायला आधीच्या खुणेची रुंदी दर सहा सेंटिमीटरला १.१९ ने गुणत जावी. चित्रात नळीची आतली भिंत ड्रायव्हरमागच्या पोकळीत घुसत असेल तर चूक सुतारकामाच्या आधीच कळते. ही पोकळीही महत्त्वाची. घशाआधी हवेची थोडी जागा ठेवली की ती वरच्या सुरांना गाळते. ४० चौरस सेंटिमीटरचा घसा आणि ०.९ लिटरची पोकळी यांचा मेळ सुमारे २५० हर्ट्झवर बसतो. त्याखालचा आवाज कर्ण्यात जातो, वरचा अडतो. ११ × ११ सेंटिमीटरच्या आणि १६ खोल पोकळीत जवळजवळ दोन लिटर मावतात, म्हणून तिच्या मागच्या बाजूला लाकडी ठोकळे बसवून जागा निम्म्याहून थोडी कमी करावी. मात्र बाजूची अडीच सेंटिमीटरची घशाची फट पूर्ण १६ सेंटिमीटर मोकळी राहिली पाहिजे. ठोकळे आधी स्क्रूनेच बसवावेत. जागा कमी-जास्त करून ऐकता यावे, यासाठीच ते ठोकळे आहेत.

साहित्याच्या बाबतीत तंजावरच्या आसपास राहणाऱ्यांची सोय चांगली आहे. पुढची-मागची फळी १२ मिलिमीटरच्या आयएस ७१० दर्जाच्या मरीन प्लायची घ्यावी. किनारपट्टीच्या दमट हवेत साधे कमर्शियल प्लाय थरांतून सुटते, आणि थर सुटले की फळी वाजू लागते. नळीचा सरळ भाग त्याच प्लायच्या पट्ट्यांचा करता येतो. पाऊण फेऱ्याचे घट्ट वळण फ्लेक्सी प्लायचे करावे, किंवा त्याहून चांगले, कागदी लगद्याचे. हलणाऱ्या मानेच्या तंजावरच्या बाहुल्या लगद्यापासून करण्याची परंपरा या जिल्ह्यातच आहे. लंडनच्या ईएमजी कंपनीने ग्रामोफोनचे प्रचंड कर्णे पेपियर-माशेचेच केले होते. कागदाचे थर एकमेकांत मुरलेले असल्याने हा माल पत्र्यासारखा झणझणत नाही. पुठ्ठ्याचा साचा वाकवून उभा करावा, त्यावर वर्तमानपत्राच्या पट्ट्या चिंचोक्याच्या खळीत किंवा फेविकॉलमध्ये भिजवून आडव्या-उभ्या चिकटवाव्यात आणि ८ ते १० मिलिमीटर जाडी होईपर्यंत थर चढवावेत. एका वेळी तीन-चार थरांपेक्षा जास्त नको, नाहीतर आतला ओलावा अडकून बुरशी येते. खळीत चिमूटभर मोरचूद घातले तर किडे लागत नाहीत. ते विषारी असल्याने हातमोजे घालावेत आणि मुलांना दूर ठेवावे. आतून-बाहेरून चपडा लाखेचे दोन हात द्यावेत. काम फेब्रुवारी ते मे या काळात उरकावे. ऑक्टोबर ते डिसेंबर हा तिथला खरा पावसाळा. त्या दिवसांत लगदा वाळतच नाही. महाराष्ट्रात वाचणाऱ्यांनी त्याऐवजी जून ते सप्टेंबर टाळावा.

सगळ्या सांध्यांना फेविकॉलची सलग रेघ हवी. स्क्रू घट्ट असणे पुरेसे नाही. नळीतून हवा गळली की खर्ज जातो आणि जागोजागी फुसफुस ऐकू येते. मागची फळी बसवण्याआधी पोकळीत ड्रायव्हरच्या मागे काथ्याचा किंवा नमद्याचा पातळ तुकडा चिकटवावा. ओरत्तनाडु-पट्टुक्कोट्टै पट्टा नारळाचाच असल्याने काथ्या मुबलक मिळतो, पण तो नळीत कोंबण्याचा मोह टाळावा. नळी भरली की कर्ण्याची सारी मेहनत त्या भरावात जिरते. घराच्या भिंतीलाच मागची फळी मानून लाकूड वाचवण्याचीही कल्पना सुचते. तीही सोडून द्यावी. गिलावा कधी पूर्ण सपाट नसतो, आणि गळती शोधण्यात जेवढे दिवस जातील तेवढ्यात दुसरा कर्णा बांधून होईल.

तयार कर्ण्याचे वजन दहा-बारा किलो भरते. एक इंच जाडीची सागाची पट्टी लांबीच्या दिशेने ४५ अंशांत चिरावी. एक अर्धी भिंतीला, तिरका काठ वर आणि भिंतीकडे उतरता ठेवून. दुसरी अर्धी कर्ण्याच्या पाठीला उलटी. कर्णा वरून खाली सरकवला की आपल्याच वजनाने भिंतीला धरून बसतो आणि साफसफाईला सहज उचलता येतो. भोके सांध्यात न पाडता विटेत पाडावीत. जुन्या चुन्याच्या भिंतीत गिट्टी लांब आणि जाड घ्यावी, चार ठिकाणी, आणि आधी पंचवीस-तीस किलोचा भार टांगून एक रात्र ठेवावा. पाठीच्या चार कोपऱ्यांवर रबराच्या चकत्या लावाव्यात. त्यांनी फळी भिंतीवर आपटत नाही आणि पावसाळ्यात ओल्या भिंतीपासून बोटभर अंतर राहते.

जागा अशी निवडावी की तोंड बाजूच्या भिंतीकडे उघडेल आणि त्या भिंतीपासून सुमारे ३० सेंटिमीटर राहील. त्याहून जवळ गेले तर तोंडाची वाट कोंडते. खालची कड जमिनीपासून २५ सेंटिमीटर ठेवावी. इतके अंतर ठेवल्यावर कोपरा राहिला कुठे, अशी शंका येईल. ११० हर्ट्झच्या लाटेची लांबी सव्वातीन मीटरच्या जवळपास असते आणि तिचा चतुर्थांश ८० सेंटिमीटर. तोंड त्याच्या बरेच आत असल्याने त्या लाटेला ते कोपऱ्यातच आहे. वळण असे उलटे धरावे की ड्रायव्हर फळीच्या वरच्या भागात, कडेपासून १५-१६ सेंटिमीटरवर येईल. म्हणजे तो जमिनीपासून पाऊण मीटरवर राहतो आणि सतरंजीवर मांडी घालून बसलेल्याच्या कानाशी नेमका जुळतो. घरात खुर्च्यांवरच बसायची सवय असेल तर कर्णा छताच्या कोपऱ्यात लावून वरची कड थोडी पुढे झुकवावी.

आता या कर्ण्याच्या उणिवा, कारण त्या लपवून बांधायला सांगणे योग्य नाही. मागचा आवाज १.१ मीटर फिरून येतो. तो पुढच्या आवाजाच्या उलट्या दिशेने निघालेला असल्याने १६० हर्ट्झच्या आसपास दोन्ही एकमेकांना साथ देतात आणि ३२० च्या आसपास एकमेकांना खोडतात. तिथे एक खळगा पडतोच. पोकळी मुळात २५० पासून आवाज गाळते म्हणून तो उथळ राहतो, आणि ठोकळे कमी-जास्त करून तो आणखी सौम्य करता येतो, पण पूर्ण जात नाही. दुसरी उणीव खालची. ११० च्या खाली आवाज झपाट्याने उतरतो, आणि ८० च्या खाली पडद्यावर कर्ण्याचा भारच राहत नाही, त्यामुळे तो नुसता फडफडतो. फोनच्या इक्वलायझरमधून किंवा अँपच्या आधीच ८० खालचे सूर कापावेत. तबल्याच्या डग्ग्याची सगळ्यात खोल घुमक इथे अर्धीच मिळते हे मान्य करायला हवे. पण गाणे, व्हायोलिन, वीणा, नादस्वरम्, सनई, बोलणे, कीर्तन हे सारे या मर्यादेच्या वर भरभरून वाजते. मूळ सूर क्षीण असला तरी वरच्या स्वरकांवरून कान तो ओळखून घेतो, त्यामुळे तंबोऱ्याची जुळणीही बिघडलेली वाटत नाही.

मग हातात मावणारा ब्लूटूथ स्पीकर याहून खोल खर्ज देतो, त्याचे काय? देतो, पण त्याची किंमत तो वीज आणि मोकळेपणा यांत वसूल करतो. लहान आकार, खोल खर्ज आणि कमी विजेत मोठा आवाज या तिन्ही गोष्टी एकत्र मिळत नाहीत. दोन घेतल्या की तिसरी सोडावी लागते. लहान स्पीकर जड पडदा लांबवर पुढे-मागे हलवून खर्ज काढतो, आणि आवाज वाढवला की तोच पडदा मध्यम सुरांना गढूळ करतो. कर्ण्यातला पडदा तेवढ्याच आवाजाला फार थोडा हलतो, म्हणून गायकाचे शब्द सुटे राहतात. सोडायचा असतो तो लहान आकार, आणि इथे तर तो भाग भिंतीने उचललेला आहे. विजेचा मुद्दा या प्रदेशात पोकळ नाही. नोव्हेंबर २०१८ मधल्या गज चक्रीवादळानंतर ओरत्तनाडु आणि पट्टुक्कोट्टैच्या खेड्यांत कित्येक दिवस वीज नव्हती. १२ व्होल्टवर चालणारा क्लास-डी अँपचा छोटा बोर्ड आठ ओहमच्या ड्रायव्हरला सात-आठ वॅट देतो, आणि या कर्ण्याला रोजच्या ऐकण्यात एक वॅटही लागत नाही. इन्व्हर्टरच्या बॅटरीवर तो तासन्‌तास चालेल.

एकच कर्णा लावला तर स्टिरिओ मिळणार नाही, हा आक्षेपही येतो. दोन मोकळे कोपरे असणारी खोली क्वचितच सापडते. एकच चांगला कोपरा असेल तर एकच कर्णा करावा आणि दोन्ही वाहिन्या एकत्र करून ऐकाव्यात. जुन्या तबकड्यांवरचे बहुतेक संगीत एकाच वाहिनीचे आहे, आणि ते एका चांगल्या कोपऱ्यातून दोन वाईट जागांपेक्षा कितीतरी खरे ऐकू येते. दुसरा कर्णा करायचाच असेल तर तो आरशातल्या प्रतिमेसारखा उलट्या हाताचा काढावा लागतो; एकच आराखडा दोनदा कापू नये.

बांधून झाल्यावर फोनमधून ६० ते ४०० हर्ट्झपर्यंत हळू सरकणारा सूर वाजवावा आणि बसायच्या जागेवरून ऐकावा. एखादा सूर अचानक फुगला तर आधी फळी हाताने दाबून पाहावी. आवाज बदलला तर फळीला आतून आडवी पट्टी हवी, न बदलला तर कोपऱ्यापासूनचे अंतर पाच-पाच सेंटिमीटरने बदलावे. ५० हर्ट्झचा सूर हळू आवाजात लावून सांध्यांजवळून मेणबत्तीची ज्योत फिरवली की गळती असेल तिथे ती थरथरते. लाख पूर्ण वाळण्याआधी हे करू नये, आणि ज्योत कागदी लगद्याजवळ नेऊ नये. शेजाऱ्यांचाही विचार हवा. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे, आणि या कर्ण्यात ती सहज ओलांडण्याची ताकद आहे. कोपऱ्याच्या भिंतीपलीकडे शेजाऱ्याची झोपायची खोली असेल तर दुसरा कोपरा शोधावा, कारण खर्ज विटेतूनही जातो.

प्लाय आणण्याआधी टेप घेऊन घरातले चारही कोपरे मोजा. एकीकडे एक मीटर आणि दुसरीकडे किमान तेवढीच सलग, पक्की, दार-खिडकी नसलेली भिंत ज्या कोपऱ्यात मिळेल तो निवडा. तसा कोपरा घरात नसेल तर हा कर्णा बांधू नका. त्याच ड्रायव्हरसाठी साधी बंद पेटी करा, ती या कर्ण्यापेक्षा चांगली वाजेल.